ॲम्बेसेडरचं जुनं इंजिन आणि बिनशिशाचं पेट्रोल : आधी टॅपेट मोजा, मग हेड उतरवा

जुनी गाडी हाती आली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, "हेड काढा, सीट रिंगा टाका, नाहीतर बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्ह बसतील." (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, सीट म्हणजे त्यात व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा, आणि सीट रिंग म्हणजे तिथे बसवलेलं कठीण कडं.) दुसरा म्हणतो, लिटरमागे थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल टाका. तिसरा परदेशी बाटली सुचवतो. तिघांपैकी कोणीही फट मोजायचं फीलर गेज हातात घेतलेलं नसतं. या इंजिनाला शिशाची उणीव भासते आहे की नाही, हे इंजिन स्वतःच सांगतं, आणि ते टॅपेटच्या फटीतून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीतून सांगतं. म्हणून हा लेख मोजमापापासून सुरू होतो. खर्चाचा विचार त्यानंतर.

उदाहरण घेतलं आहे ते हिंदुस्थान ॲम्बेसेडरच्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनाचं. हे मूळचं बी.एम.सी.चं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. मॉरिस ऑक्सफर्ड आणि एम.जी.ए. यांच्यातही याच घराण्यातली इंजिनं आहेत, त्यामुळे बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू पडतात.

शिसं नेमकं काय करत होतं

टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये आलं ते नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी खडखड) थांबवण्यासाठी. दुसरा फायदा आपसूक मिळाला. जळताना तयार होणाऱ्या शिशाच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि लोखंडाला लोखंड थेट भिडू द्यायचा नाही. हा थर गेला की तापलेला व्हॉल्व्ह आणि बिडाची सीट एकमेकांवर आपटताना सूक्ष्म ठिकाणी चिकटतात. व्हॉल्व्ह उचलला की सीटचा कण त्याच्याबरोबर निघून येतो, व्हॉल्व्हच्या फेसवर घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह किंचित फिरत बंद झाला की तोच कण सीटला कानशीसारखा घासतो. सीट खाली जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो, टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. सीटला टेकून थंड होण्याची त्याची संधी जाते आणि त्याची कड जळते.

हे होण्यासाठी उष्णता आणि भार दोन्ही लागतात. गावातल्या गावात, ५०-६०च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीत ही झीज नगण्य असते. पाच माणसं आणि सामान घेऊन एक्सप्रेस-वेवर तासभर सलग नव्वदने जाणं, किंवा मे महिन्याच्या दुपारी कसारा घाट चढणं, ही खरी परीक्षा.

भारतात १ एप्रिल १९९५ला चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. तेव्हापासून रोज चालत आलेली ॲम्बेसेडर पंचवीस वर्षं बिनशिशावरच चालली आहे. तिचं इंजिन आज ठणठणीत असेल, तर ते तुमच्या वापराला पुरेसं आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. जपायला हवी ती दुसऱ्या प्रकारची गाडी : नव्वदच्या दशकात शेडमध्ये उभी केलेली आणि आता बाहेर काढून लांबच्या प्रवासाला जुंपलेली. तिच्या सीटवर जुन्या शिशाचा थर असतो, तो काही दिवस साथ देतो, आणि मग झीज सुरू झाली तरी मालकाला पत्ता नसतो.

पहिली पायरी : हेड कोणतं आहे ते ओळखा

साधं लोहचुंबक हेडच्या बाजूला लावून पाहा. चिकटलं तर हेड बिडाचं. ॲम्बेसेडरच्या १४८९ सी.सी. इंजिनाचं हेड बिडाचं आहे आणि सीट त्याच बिडात कापलेल्या आहेत, म्हणून प्रश्न खरा आहे. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सी.सी. फियाट इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. त्यात सीट रिंगा असाव्याच लागतात, कारण ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह टिकणार नाही. तिथे झिजण्यापेक्षा, इंजिन एकदा सणकून तापल्यावर रिंग ढिली होण्याची भीती जास्त. १९९२ नंतरच्या १८१७ सी.सी. इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरला तर हा सीटचा प्रश्न लागूच नाही.

आधीच्या मालकाने रिंगा टाकून घेतल्या असतील तर हेड उतरवल्यावर सीटभोवती केसासारखी गोल रेघ दिसते. हेड न काढता ते कळत नाही, आणि त्याची घाईही नाही.

दुसरी पायरी : फट मोजा, वहीत लिहा

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. दर वेळी थंड इंजिनावरच मोजा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. (सेटिंग करताना मात्र मॅन्युअल थंडवर सांगतं की गरमवर, ते पाळा. या इंजिनाला साधारण १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मि.मी. फट ठेवतात.) चारही प्लग काढा, म्हणजे हँडल सहज फिरतं. रॉकर कव्हर उतरवा.

रेडिएटरकडून मोजत गेलात तर १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, २, ३, ६ आणि ७ हे इनलेट. मोजण्याचा नियम नऊचा : जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊमधून वजा करा, येईल त्या व्हॉल्व्हची फट मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तर पहिला मोजा, सहावा दाबलेला असेल तर तिसरा, चौथा असेल तर पाचवा, सातवा असेल तर दुसरा. मग उलट : पहिल्याला आठवा, तिसऱ्याला सहावा, पाचव्याला चौथा, दुसऱ्याला सातवा.

इथे एक फसगत होते. जुन्या रॉकरच्या टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतो, तिथे दांड्याच्या रुंदीचा खळगा पडलेला असतो. फीलरची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी टेकते. गेज १५ थाउ दाखवतं, खरी फट २० असते, आणि "टॅपेट सेट केले तरी वाजतातच" ही तक्रार येते. नखाने चाचपलं तरी खळगा जाणवतो. असे रॉकर घासून सपाट करून घ्या किंवा बदला, आणि मगच मोजमाप सुरू करा.

आठही आकडे तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहा. गाडी १,५०० कि.मी. चालवा, टॅपेटला हात न लावता पुन्हा मोजा. फट व्हॉल्व्हच्या टोकापाशी मोजतो, त्यामुळे हिशेब सरळ आहे : व्हॉल्व्ह जितका आत बसला तितकीच फट कमी झाली.

आता आकडे वाचायचे कसे? इनलेट व्हॉल्व्हला साक्षीदार माना. इनलेट तुलनेने थंड असतो, त्याची सीट शिशाविना फारशी झिजत नाही. इनलेटच्या फटी जागच्या जागी आणि एक्झॉस्टच्या मात्र दीड हजारात २ थाउ (०.०५ मि.मी.) किंवा अधिक कमी झालेल्या, असं चित्र दिसलं तर सीट खचते आहे. आठही सारख्याच हलल्या असतील तर कारण दुसरं शोधा. एक्झॉस्टमध्येही ४ आणि ५कडे जास्त लक्ष द्या. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट या हेडमध्ये मधल्या एकाच वाटेने बाहेर पडतो, म्हणून हेडचा सर्वांत तापणारा भाग तोच. झीज असेल तर आधी तिथे दिसते, तडाही बहुधा तिथेच जातो.

जोडीला कॉम्प्रेशन पाहा : इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडर १२० पी.एस.आय.च्या आसपास आणि एक ९०वर असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाहा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

बाटल्या, गोळ्या आणि टू-टी

फट जागेवर असेल तर काहीही टाकू नका. ती हळूहळू कमी होत असेल आणि हेड उतरवायला वर्ष-दोन वर्षं अवकाश असेल, तर व्हॉल्व्ह सीटसाठीचं पोटॅशियम, फॉस्फरस किंवा मँगनीजवर आधारलेलं ॲडिटिव्ह मधला काळ निभावून नेतं. प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच ठेवा, आणि एक प्रकार सुरू केला की दुसरा त्यात मिसळू नका. "ऑक्टेन बूस्टर" असं लिहिलेली प्रत्येक बाटली सीटचं रक्षण करतेच असं नाही. लेबलवर सीटचा उल्लेख हवा.

टू-टी ऑइलची सवय सोडून द्या. ते सीटवर शिशासारखा थर बांधत नाही, उलट काजळी वाढवतं आणि पेट्रोलचं ऑक्टेन थोडं खालीच ओढतं. टाकीत डांबर गोळ्या टाकण्याचा जुना उपाय तर जेटमध्ये आणि फिल्टरमध्ये खडे करून ठेवतो. विमानाचं शिशाचं पेट्रोल मिळवण्याच्या फंदात पडूच नका. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं हे ते रस्त्यावरून हद्दपार होण्याचं मोठं कारण होतं.

ऑक्टेनची काळजी या इंजिनाला नाही. त्याचं कॉम्प्रेशन ७.२ : १च्या आसपास, साधं ९१ ऑक्टेन त्याला भरपूर. तरीही चढावर खडखडत असेल तर महाग पेट्रोल न घेता काजळी, पातळ मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि डिस्ट्रिब्युटर तपासा.

तिसरी पायरी : व्हॉल्व्हची उष्णता कमी करा

हेड न उतरवता करता येण्यासारखं सर्वांत उपयोगाचं काम हे, आणि नेमकं हेच राहून जातं.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे नेलं की नॉकिंग जातं, म्हणून अनेक फिटर शिसं बंद झाल्यावर ते सरसकट मागे करत आले. पण ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरा संपतं आणि धगधगता वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जातो. सीट वाचवायच्या नादात आपणच तिला भाजतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट १४-१६ थाउ करा, टायमिंग मॅन्युअलमधल्या अंशावर आणा, मग टॉप गिअरमध्ये चढावर ऐका. नॉकिंग ऐकू आलं तरच मागे घ्या, आणि एका वेळी दोनच अंश. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा ताणल्या असतील तर ॲडव्हान्स लवकर चढतो. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहा. प्लेट हलली नाही तर पडदा फाटला आहे.

पातळ मिश्रणही व्हॉल्व्ह तापवतं, आणि इथे आजच्या पेट्रोलमुळे नवा गुंता झाला आहे. आपल्याला आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटिंगवर (कार्बुरेटरच्या जेटच्या मापावर) मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. एस.यू. कार्बुरेटर असेल तर जेटचा नट एक फ्लॅट (नटाची एक बाजू) खाली फिरवा, पिस्टन किंचित (जेमतेम एक मि.मी.) उचलून पाहा : आरपीएम क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावले तर बरोबर, वाढलेलेच राहिले तर मिश्रण जास्त जाड, इंजिन बसू लागलं तर पातळ. सोलेक्स असेल तर मेन जेट एक साइज वाढवा. १२०च्या जागी १२५ लावला की छिद्राचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्के वाढतं, जवळपास तेवढंच हवं आहे. छिद्र तारेने किंवा ड्रिलने मोठं करू नका. ते गोल राहत नाही आणि मग कोणताच आकडा भरवशाचा राहत नाही.

मिश्रण तपासताना जुनी खूण फसवते. शिशाच्या काळात सायलेन्सरच्या तोंडाशी फिकट राखाडी थर दिसला की इंजिन "सेट" मानायचे. तो थर शिशाचाच होता. आता मिश्रण बरोबर असलं तरी तोंड काळसर दिसतं. ते पाहून पेट्रोल कमी केलंत तर व्हॉल्व्ह भाजतील. लांब चढ चढून लगेच इंजिन बंद करा, प्लग काढा, आणि पोर्सेलीनचा फिकट बदामी रंग पाहा.

चौथी पायरी : रबर, टाकी, पंप

व्हॉल्व्हच्या गप्पांत ही बाजू मागे पडते. वास्तविक सीट खचली तर गाडीची ताकद जाते, पण पेट्रोलचा पाइप फुटला तर गाडी जळते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग भेगा पाडतं. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदला. नव्या पाइपवर "एस.ए.ई. जे ३० आर ९" छापलेलं असावं. नुसतं "फ्युएल होज" म्हणून मीटरवर विकला जाणारा पाइप घेऊ नका. पाइप मधोमध दुमडून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो त्याच दिवशी काढा. क्लिप अशी वापरा जी पाइपला चारी बाजूंनी सारखी आवळते.

मेकॅनिकल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका. ऑइल बदला, पंप उघडा. कार्बुरेटरची निडल व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाची, गॅस्केट बुचाऐवजी कागदाची किंवा इथेनॉल सोसणारी.

इथेनॉल जुन्या टाकीतलं चिकट किटण सोडवतं, ते फिल्टरमध्ये येऊन अडकतं. पहिल्या ५०० कि.मी.मध्ये फिल्टर दोनदा बदलावा लागेल, तो पारदर्शक लावा म्हणजे दिसेल. टाकीच्या आत पूर्वी इपॉक्सी लावलेलं असेल तर ते पापुद्र्यांनी सुटू शकतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, कारण रिकाम्या जागेतली दमट हवा पाणी आणते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासह वेगळं होऊन तळाशी बसतं, म्हणजे नेमकं पंप ओढतो तिथे. कार्बुरेटरच्या फ्लोटमधलं पेट्रोल मात्र इंजिन चालवून संपवा.

उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही, तर पंपावर ओलं फडकं टाकण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि कार्बुरेटरखाली जाड फायबरचा तुकडा टाकणं.

पाचवी पायरी : हेड उतरवायचंच असेल तर

फट दर दीड हजारात कमी होते आहे, किंवा गॅस्केट, काजळी, ऑइल अशा दुसऱ्या कारणाने हेड निघणारच आहे, तर रिंगा टाकून घ्या. ठणठणीत इंजिन फक्त रिंगांसाठी उघडू नका.

रॉकर काढण्याआधी रेडिएटरचं पाणी सोडा. या इंजिनात रॉकरच्या खांबांचे चार मोठे नट हेडसुद्धा धरून ठेवतात. पाणी न काढता आणि बाकीचे हेड नट ढिले न करता फक्त रॉकरचे नट सोडले, तर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये, तिथून ऑइलमध्ये उतरतं. सगळे नट थोडे थोडे, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या क्रमाने सोडा. पुशरॉड भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमाने खोचून ठेवा.

जुन्या हेडमधली काजळी कोरडी खरवडू नका, वायर-व्हीलने तर नाहीच. तिच्यात शिसं आहे. रॉकेलने भिजवा, ओलीच काढा, हात साबणाने धुवा आणि ते फडकं घरात नेऊ नका.

मशीन-शॉपला काम सांगताना हे मुद्दे कागदावर लिहून द्या. रिंगा फक्त चार एक्झॉस्टला, इनलेटला नकोत. इनलेटची जागा कापून हेड उगाच कमकुवत होतं. रिंग कठीण मिश्रधातूची, बिनशिशासाठी असलेली. रिंग आणि खाच यांच्यात ०.०८ ते ०.१० मि.मी. ताण, म्हणजे रिंग खाचेपेक्षा तेवढी मोठी. हेड १०० अंशांच्या आसपास गरम, रिंग फ्रीझरमध्ये थंड, मग एका दमात बसवायची. ठोकून ठोकून बसवलेली रिंग पुढे सुटते. खाच नको तितकी खोल गेली तर पाण्याच्या वाटेला भोक पडतं, म्हणून काम झाल्यावर हेड दाबाखाली तपासून घ्या. सीट ४५ अंशांची, एक्झॉस्टला १.५ ते २ मि.मी. रुंद. अरुंद सीट चकाचक दिसते, पण व्हॉल्व्हची उष्णता तिच्यातूनच हेडमध्ये जाते, म्हणून एक्झॉस्टला रुंदी द्यावीच लागते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २१-४ एन पोलादाचे घ्या. चुंबक त्यांच्या डोक्याला धरत नाही, दुकानातच तपासा. गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) झिजलेले असतील तर आधी गाइड, मग सीट. उलट केलंत तर सीट गाइडशी एका रेषेत राहत नाही आणि सगळा खर्च वाया जातो. नव्या कठीण सीटवर लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) नावापुरतंच, बारीक पेस्टने. गाडीवर चढवण्याआधी हेड उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये रॉकेल भरा. पाच मिनिटांत पोर्टमधून ओल आली तर हेड परत द्या.

हेड बसवताना टॉर्क रेंच वापरा, मॅन्युअलचा आकडा तीन टप्प्यांत गाठा, मधल्या नटांपासून बाहेर. ५०० कि.मी.नंतर हेड पुन्हा आवळा आणि लगेच टॅपेट पुन्हा करा, कारण गॅस्केट दबली की फट बदलते. वहीत नवं पान सुरू होतं ते इथून. पुढची नोंद १,५०० कि.मी.ची, ४ आणि ५ आधी.